लुट्केबाईंच्या नळाची चव

"यंदाच्या सहलीला मी तुम्हाला लुट्केंची बिअर पाजणार," असं व्हर्लिन झास्ट्रोनं एप्रिलमधल्या एका रविवारी, चर्चच्या तळघरात कॉफी पिता पिता जाहीर करून टाकलं.

कुणीतरी केकचा तुकडा तोंडाजवळ नेला होता, तो तिथेच थांबला. लुट्के हे नाव व्हिन्स्लो गावात असं सहज कुणी उच्चारत नाही. कागदगिरणीच्या फाटकासमोर लुट्केंचा बार होता, तेव्हा पाळी सुटली की माणसं आधी तिथे जायची आणि मग घरी. काही घरी जायचीच नाहीत. पुढे गिरणी बंद पडली, म्हातारा लुट्के गेला, बार पाडला आणि तिथे औषधांच्या दुकानाचा गाड्या लावायचा चौक झाला. अजूनही गावातला एखादा जुना माणूस रक्तदाबाच्या गोळ्या आणायला जातो आणि गाडी लावून उगाच पाच मिनिटं आत बसून राहतो. लोक समजतात, बिचाऱ्याला धाप लागली असेल. तसं नसतं. आपण बसलोय तिथे फाशांचं टेबल होतं की कोटांच्या खुंट्या होत्या, याचा तो हिशेब लावत असतो.

"कशी पाजणार?" डेल्मरनं विचारलं. डेल्मर हा व्हर्लिनचा मेहुणा, त्याच्या बायकोचा, आर्लिसचा, धाकटा भाऊ. "ती बनवणारी भट्टी बंद पडून जमाना झाला."

"मी बनवणार. माझ्या गॅरेजात. आणि नायट्रोवर देणार."

हे शेवटचं वाक्य व्हर्लिननं अशा थाटात म्हटलं, की पाद्र्यांनीसुद्धा मान डोलावली.

त्यामागे एक भानगड होती. व्हर्लिन निवृत्त झाल्यापासून गॅरेजात बिअर करायचा. गेल्या नाताळात त्याच्या मुलीनं त्याला नायट्रोजनची टाकी आणि त्यासाठीचा खास नळ आणून दिला. नेहमीच्या बिअरमध्ये जो गॅस असतो, तो जिभेला टोचतो. नायट्रोजनचं तसं नाही. त्याचे बुडबुडे इतके बारीक, की नळ सोडला की पेल्यात दुधाळ ढग खाली उतरत जातात, वर सायीसारखा फेस बसतो, आणि घोट घशातून मखमलीसारखा जातो. हिवाळाभर व्हर्लिननं या नळातून स्टाउट नावाची काळी, दाट बिअर काढली. पहिल्याच घोटाला तो दचकला होता. हा मऊपणा आपल्या ओळखीचा आहे, असं त्याच्या जिभेनं त्याला सांगितलं. रंग वेगळा, वास वेगळा, पण मऊपणा तोच. लुट्केंची बिअर वाळक्या गवताच्या रंगाची होती, हलकी होती, आणि जिभेला कुठेही न टोचता सरकन खाली उतरायची. तशी बिअर नंतर त्याला जन्मात कुठे मिळाली नव्हती. म्हणजे हलकी बिअर करायची आणि नायट्रोवर चढवायची, की झाली लुट्केंची. गणित इतकं सोपं होतं, की इतक्या वर्षांत ते कुणाला सुटलं कसं नाही याचंच त्याला नवल वाटलं.

"पण स्टाउटच दे की सहलीला," ऑर्व्हिल कुबियाक म्हणाला. ऑर्व्हिल गिरणीत बॉयलरवर होता आणि आता सहलीच्या बँडमध्ये ट्यूबा, तो मोठा पितळी कर्णा, वाजवायचा. "ती छान झाली होती."

"जुलैच्या उन्हात ती काळी बिअर?" आर्लिस म्हणाली. "घामानं निथळणाऱ्या माणसाला घोंगडी पांघरायला दिल्यासारखं होईल."

सहल म्हणजे गिरणीच्या जुन्या कामगारांची, नदीकाठच्या बागेत. दरवर्षी एक लांब टेबल मांडतात. पूर्वी तीन मांडायचे. यंदा त्या टेबलाशी खुद्द लुट्केबाई येणार होत्या. अर्मिना लुट्के, त्या म्हाताऱ्याच्या पत्नी, नव्वदी ओलांडून नदीपलीकडच्या वृद्धाश्रमात राहत होत्या. त्यांच्या भाचीनं कबूल केलं होतं, की दुपारच्या औषधांच्या वेळेपर्यंत का होईना, पण घेऊन येते. पहिला पेला त्यांच्या हातात द्यायचा, असं व्हर्लिननं मनाशी पक्कं केलं होतं. तो हे कुणाला बोलला नाही. आर्लिसला ते न बोलताच कळलं होतं.

आता प्रश्न होता, हलकी म्हणजे नेमकी कोणती?

पहिल्यांदा त्यानं गव्हाची केली. एरवी गव्हाची बिअर उन्हाळ्यात काय बहार आणते! पण तिची सगळी गंमत चुरचुरीत असण्यात. नायट्रोवर चढल्यावर ती अशी मऊ पडली, की पाण्यात बुडवलेल्या पावासारखी लागायला लागली. डेल्मरनं एक घोट घेतला आणि पेला व्हर्लिनच्या हातात परत दिला.

"आजारी आहे ही," तो म्हणाला.

मग त्यानं हॉप्सची फुलं सढळ हातानं घालून एक फिकट, एल जातीची बिअर केली. पिंपात होती तोवर तिला संत्र्याच्या सालीचा वास होता. नायट्रोच्या फेसाखाली तो वास असा दडपला गेला, की नुसता कडवटपणा उरला. पाहुणे निघून गेले आणि त्यांचं भांडण तेवढं मागे राहिलं, तसं काहीतरी.

तोवर गावात बातमी फिरली होती. संध्याकाळी व्हर्लिनच्या गॅरेजात घडीच्या खुर्च्या पडायला लागल्या. प्रत्येक जण आपापली आठवण घेऊन यायचा, आणि एकाची आठवण दुसऱ्याच्या आठवणीशी जुळेल तर शपथ.

"लालसर होती," ऑर्व्हिल म्हणाला. "मधासारखी."

"तुला खिडकीतल्या लाल दिव्यानं तसं दिसायचं. तू कायम त्याच दिव्याखाली बसायचास," व्हर्लिन म्हणाला.

"मऊबिऊ काही नव्हती," डेल्मर म्हणाला. "नाकात जायची. पहिल्या घोटाला डोळ्यांत पाणी यायचं माझ्या."

"तू घोट कुठे घ्यायचास? तू ओतायचास. ओतल्यावर नाकात जाणारच."

"व्हर्लिन, मी तिथे तुझ्याइतकाच बसलोय."

"बसलायस. चाखलं नाहीस."

बोलता बोलता बिअर बाजूला राहायची. मग गिरणीचा भोंगा निघायचा, तो वाजला की लुट्केबाई पेले ओळीनं मांडायला घ्यायच्या, ते निघायचं. फाशांवर हरून ज्यानं दिवसभर बायकोची टोपी घातली, तो निघायचा. बर्फात झोपी गेलेला आणि कुत्र्यानं शोधलेला फोरमन निघायचा. शुक्रवार निघायचा. शुक्रवारी तिथे तळलेले मासे मिळायचे, आणि ते वाढायला आर्लिस असायची, एकोणीस-वीस वर्षांची, हातावर ताटांची उतरंड घेऊन टेबलांमधून सरकत जाणारी. या विषयावर सगळे बोलायचे, व्हर्लिन मात्र उठून उगाच नळ पुसायला लागायचा.

तिसऱ्या खेपेला त्यानं क्रीम एल केली. नावात साय असली तरी तिच्यात दुधाचा थेंब नसतो. सातूबरोबर मका घातलेली, फिकट, कडवटपणा अगदी बेताचा, अशी ही जुन्या लोकांची उन्हाळी बिअर. टोचणं हा तिचा धर्मच नव्हे, त्यामुळे नायट्रोनं तिचं काही हिरावून घेतलं नाही, उलट तिला मखमलीचा पदर दिला. आर्लिस धुतलेल्या कपड्यांची टोपली घेऊन चालली होती. तिनं टोपली कमरेवर तोलून एक घोट घेतला आणि थांबली. मग दुसरा घेतला.

"ही," ती म्हणाली.

"लुट्केंची?" व्हर्लिननं श्वास रोखून विचारलं.

"ते मला काय माहीत? मी तिथे वाढायला होते, प्यायला नाही. पण ही चांगली आहे."

व्हर्लिननं स्वतः चाखली. जवळपास होती. अगदी तीच नव्हती, दाराबाहेर येऊन उभी राहिल्यासारखी होती. सहलीच्या दिवशी बाईंच्या हातात जाईल तेव्हा आत येईल, असं म्हणून त्यानं मनाची समजूत घातली आणि सहलीसाठी मोठं पिंप भरलं.

सहलीच्या आदल्या दिवशी आर्लिसला डोळ्यांच्या डॉक्टरकडे ग्रीन बे शहरात न्यायचं होतं. व्हर्लिननं रस्त्यातूनच डेल्मरला फोन केला. "माझ्याकडे जा. नायट्रोची टाकी तुझ्या ट्रकमध्ये चढवून ठेव, म्हणजे सकाळी घाई नको. आणि पिंपावर गॅसचा दाब पस्तीसवर असू दे."

डेल्मरनं दोन्ही हुकूम तंतोतंत पाळले. आधी नायट्रोची टाकी सोडवून ट्रकमध्ये चढवली. मग परत येऊन पाहतो तर पिंपावर गॅसच नाही. असणार कुठून? टाकी ट्रकमध्ये. पण कोपऱ्यात दुसरी टाकी होती, नेहमीच्या गॅसची, टोचणाऱ्या. तिची नळी पिंपाला बरोबर बसली. डेल्मरनं काटा पस्तीसवर आणला. नेहमीच्या गॅसला दहा-बारा पुष्कळ होतात, पण हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. गॅस नीट मुरावा म्हणून त्यानं पिंपाला प्रेमानं दहा-वीस हिसकेही दिले. सकाळी लवकर येऊन त्यानं नळी काढली, टाकी जागच्या जागी ठेवली, पिंप ट्रकमध्ये चढवलं आणि नदीपर्यंतच्या खडबडीत रस्त्यानं गाणं म्हणत घेऊन आला. इतकं मनापासून काम त्यानं गिरणीतसुद्धा केलं नव्हतं.

बागेत मोठ्या काहिलीत बूया, म्हणजे सहलीचा दाट रस्सा, रटरटत होता. कोंबडी, बीफ, कोबी, गाजरं, आणि ढवळायला चक्क होडीचं वल्हं. सॉसेजं भाजली जात होती. ऑर्व्हिल आणि त्याचे दोघे साथीदार वॉल्ट्झ वाजवत होते. भाचीनं लुट्केबाईंची चाकांची खुर्ची टेबलाच्या टोकाशी आणून लावली. बाईंनी निळा झगा घातला होता आणि मांडीवर पर्स दोन्ही हातांनी धरली होती, जणू गल्ला अजून त्यांच्याच ताब्यात आहे.

व्हर्लिननं नायट्रोची टाकी जोडली, घसा साफ केला आणि छोटंसं भाषण केलं. भाषण संपताच त्यानं नळ ओढला.

पेल्यात फेस आला. वरपासून खालपर्यंत फेस.

"पहिला पेला असाच येतो," तो म्हणाला आणि दुसरा घेतला. दुसराही फेस. तिसराही. टेबलावर पांढऱ्या शुभ्र पेल्यांची रांग लागली आणि बिअर मात्र कुठेच दिसेना.

लुट्केबाईंनी रांगेकडे शांतपणे पाहिलं. "कुणाची दाढी करायची आहे का?" त्यांनी विचारलं.

टेबल हसलं. व्हर्लिनही हसला, पण त्याच्या कानांच्या पाळ्या तापल्या. त्या नळाच्या तोंडात बारीक भोकांची एक चकती असते. तिच्यात काहीतरी अडकलं असणार, असं ठरवून तो तोंड उघडायला वाकला. तेवढ्यात डेल्मरला मागून वाटलं, की गॅस कमी पडतोय. त्यानं कुणाला न विचारता टाकीची चावी पुरी उघडली. इकडे व्हर्लिननं शेवटचा आटा सोडवला.

पुढचं सांगायला जितका वेळ लागतो तितका घडायला लागला नाही. नळातून फेसाचा सोट उसळला. तो व्हर्लिनच्या चष्म्यावरून, पाद्र्यांच्या बटाट्याच्या सॅलडवरून, रूबार्ब भरून भाजलेल्या गोड पाईंवरून कमान टाकत गेला आणि नेमका ऑर्व्हिलच्या ट्यूबाच्या वर वासलेल्या तोंडात उतरला. ऑर्व्हिल डोळे मिटून वॉल्ट्झ वाजवत होता. त्यानं पुढचा खर्ज फुंकला. आधी घुडघुड झाली, मग ट्यूबातून फेसाचा भला थोरला कोबी वर आला, क्षणभर डुलला आणि शेजारच्या अ‍ॅकॉर्डियनवाल्याच्या डोक्यावर बसला. ऑर्व्हिलनं डोळे उघडले, तेव्हा त्याचा साथीदार एकदम म्हातारा झालेला होता.

आर्लिसनं टाकी बंद केली.

"डेल्मर," चष्मा पुसत व्हर्लिन म्हणाला, "काल गॅस पस्तीसवर ठेवला होतास ना?"

"हो तर. तू सांगितलंस तसा."

"कुठल्या टाकीचा?"

"उरलेल्या."

व्हर्लिन बाकावर बसला. रागावण्याइतकीही ताकद त्याच्यात उरली नव्हती. डेल्मर शेजारी येऊन बसला, आणि दोघंही नदीकडे बघत राहिले.

"मला वाटलं, गॅस म्हणजे गॅस," डेल्मर म्हणाला.

"चुकलं माझं. कुठला ते मी सांगायला हवं होतं."

"तू मला शिवी दे बरं. असा बोलू नकोस."

व्हर्लिनच्या मनात बिअर नव्हतीच. गेल्या वर्षी टेबलाच्या त्या टोकाला बसलेले दोघं यंदा नव्हते. पुढच्या वर्षी कोण असेल सांगता येत नव्हतं. एक दुपारभर सगळ्यांना पुन्हा त्या बारमध्ये नेऊन बसवावं, एवढंच त्याला वाटलं होतं, आणि नेमकं तेच फेसात गेलं.

आर्लिसला असं बसून राहणं माहीत नव्हतं. तिनं लिंबाच्या सरबताच्या बरण्या रिकाम्या केल्या आणि पिंपातली उरलेली बिअर त्यांत ओतायला लावली. "फेस काय जन्मभर राहतो?" ती म्हणाली. "बसेल खाली. तोवर जेवून घ्या." मग ट्यूबा उलटा करून झाडाला टेकवला, टेबल धुतलं, पाईंवरचा फेस खरवडला. त्यातली एक पाई पाद्र्यांनी चाखली आणि आपली म्हणून बाजूला ठेवली. बूया वाढला गेला. गप्पा हळूहळू पुन्हा जमल्या, आणि बरण्या तिथेच उन्हात विसरून पडल्या.

बूयाचा दुसरा वाडगा संपल्यावर व्हर्लिनला तहान लागली. हाताशी दुसरं काही नव्हतं, म्हणून त्यानं एका बरणीतून पेलाभर ओतून घेतली. फेसाचं नाव नव्हतं. बुडबुडाही नव्हता. कोमट झाली होती. त्यानं मन मारून घोट घेतला.

आणि तो उभा राहिला.

तीच होती. दाराबाहेर थांबलेली आत आली होती. तोच मऊपणा, तोच गवताचा रंग, जिभेवर कुठेही न टोचता सरकन उतरणं. त्याच्या कानात भोंगा वाजला. त्यानं दुसरा पेला भरला आणि दोन्ही हातांनी धरून टेबलाच्या टोकाशी गेला. भाची घड्याळाकडे बघत बाईंची शाल नीट करत होती.

"लुट्केबाई, एकच घोट घ्या. जायच्या आधी."

बाईंनी घोट घेतला. तोंडात घोळवला. गिळला. सगळं टेबल त्यांच्याकडे बघत होतं.

"उतरलेली आहे, गॅस उडालाय हिचा," त्या म्हणाल्या.

"पण चव तीच आहे ना? तुमच्या बारची?"

"आमची बिअर अशी?" बाई ताठ झाल्या. "अरे, आमच्या नळाची बिअर नाकात जायची. लोकांच्या डोळ्यांत पाणी यायचं."

"मी काय सांगत होतो?" डेल्मर म्हणाला.

"पण मला आठवतेय ना," व्हर्लिन हट्टानं म्हणाला. "मी दर शुक्रवारी तिथे असायचो. मऊ होती. अजिबात टोचायची नाही."

बाईंनी मान मागे घेऊन त्याच्याकडे नीट पाहिलं. आधी चष्म्यातून, मग चष्म्यावरून. "थांब. तू तो झास्ट्रोंचा. खुंट्यांजवळच्या टेबलावर बसणारा."

"हो."

"मग तुझी बिअर मऊ असणारच, पोरा. संध्याकाळी एक पेला घ्यायचास आणि दार बंद करायच्या वेळेपर्यंत तोच धरून बसायचास. ही आर्लिस ताटं घेऊन इकडे गेली की तुझी मान इकडे, तिकडे गेली की तिकडे. त्या बिअरमध्ये बुडबुडे राहणार कुठून? मी तर एकदा नवऱ्याला म्हटलं होतं, त्या मुलाला काहीतरी झालंय, पेला तोंडाला लावायचा असतो हे त्याला कुणीतरी सांगा."

कुणी मोठ्यानं हसलं नाही. ऑर्व्हिलनं फक्त डेल्मरला कोपरानं ढोसलं. व्हर्लिनचा चेहरा सॉसेजसारखा लाल झाला होता. आर्लिस हातातलं फडकं तसंच धरून उभी होती. तिच्या डॉक्टरनं आदल्याच दिवशी तपासलेल्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि ते तिनं लपवलं नाही.

"मला हे कधी बोलला नाहीस," ती म्हणाली.

"काय बोलायचं त्यात?"

"मला वाटायचं, तू माशांसाठी येतोस."

"मासे?" व्हर्लिन म्हणाला. इतक्या वर्षांनी मन मोकळं झालं होतं, त्या भरात जीभही सुटली. "मला मासे कधीच आवडले नाहीत."

आर्लिसनं फडकं टेबलावर ठेवलं.

"मग लग्नापासून दर शुक्रवारी," तिनं विचारलं, "मी ते तळतेय कुणासाठी?"

व्हर्लिननं बाईंच्या पुढ्यातला पेला उचलून तोंडाला लावला, आणि आयुष्यात पहिल्यांदाच एका दमात रिकामा केला.